वरच्या खिडकीचं धोरण

घराला खिडकी असावी, याबद्दल मनुष्यजातीत फारसे मतभेद नाहीत. मतभेद आहेत ते ती कशासाठी असावी, याबद्दल. काहींच्या मते ती हवेसाठी असते, काहींच्या मते उजेडासाठी, आणि आमच्या गल्लीतल्या बहुमतानुसार समोरच्यांकडे कोण पाहुणे आले ते कळण्यासाठी. लातूरला औसा रोडच्या अंगाला राहणारे, पाटबंधारे खात्यातून सन्मानाने निवृत्त झालेले रविकांत सोनकांबळे यांचं मत मात्र अगदी वेगळं होतं. खिडकी असते ती भूकंप आल्यावर उडी मारायला, असं ते म्हणत.

हे मत त्यांनी कुठून उसनं आणलेलं नव्हतं. त्यांचं गाव किल्लारीजवळचं. त्र्याण्णव साली ते लातुरातच एका दुमजली घराच्या वरच्या खोलीत भाड्याने राहायचे आणि खात्यात नुकतेच चिकटले होते. जमीन हलली तसे ते दाराकडे धावले, कडी काढली आणि जिवाच्या आकांताने दार आत ओढत राहिले. दार बाहेर उघडणारं होतं. (ही माहिती ते स्वतः देत नाहीत. त्यांच्या पत्नी महामायाबाई देतात, आणि न विचारता देतात.) मग ते खिडकीकडे वळले, तर खिडकीला गज. गज धरून ते ओरडत राहिले, आणि खाली रस्त्यावर जमलेली मंडळी त्यांच्याकडे बघत राहिली. त्या घराला साधी चीरही गेली नाही. गावाकडे मात्र चुलता-चुलती दगडमातीच्या भिंतींखाली गेले. चुलत्याच्या घराला खिडकी म्हणून नव्हतीच. धूर जायला माळवदात एक सवणं होतं तेवढंच. त्याबद्दल बोलायची वेळ आली की रविकांतांचा आवाज आजही जातो. आपण कधी घर बांधलं तर वर मोठी खिडकी ठेवायची, बुटक्या कट्ट्याची आणि बिनगजाची, हे त्यांनी तेव्हाच ठरवून टाकलं.

यथावकाश घर झालं. नाव ठेवलं ‘लुंबिनी’. वरच्या खिडकीचा कट्टा गुडघ्याएवढा उंच निघाला तेव्हा गवंड्याने विचारलं, “साहेब, ही खिडकी हाय का दार?” रविकांत म्हणाले, “आणीबाणीचं दार.” खाली शहाबादी फरशी आहे आणि तिच्यावर उडी मारणाऱ्याचं पुढे काय होईल, हा प्रश्न धोरणाच्या दुसऱ्या टप्प्यात घ्यायचा होता. मोठ्या योजनांचा पहिला टप्पा असाच उत्साहात पार पडतो, दुसऱ्याला निधी उरत नाही.

पहिली काही वर्षं वर कोचिंगची पोरं राहिली. त्यांनी खिडकीचा उपयोग ओले टॉवेल वाळवायला आणि दोरीला पिशवी बांधून खालून डबा वर ओढायला केला. या काळात भूकंप झाला नाही आणि कुणी पडलंही नाही. यावरून धोरण दोन्ही आघाड्यांवर यशस्वी असल्याचं सिद्ध झालं, आणि रविकांतांनी ते चारचौघांत सांगायला सुरुवात केली.

मग वर शारिकचं बिऱ्हाड आलं. शारिक नांदेडला एका कंपनीत नोकरीला, आठवड्याला घरी यायचा. लातुरात त्याची बायको अलीझा, आई सुलतानबी आणि लेक गुड्डी. अलीझा कानाला हेडफोन लावून मोबाइलवर पोरांना गणित शिकवायची. सुलतानबी गुडघ्याला तेल लावत नातीला सांभाळायच्या. गुड्डी दोन वर्षांची होती आणि तिला सांभाळणं हे गणितापेक्षा अवघड होतं. रोज सकाळी ती जिना उतरून खाली यायची, रविकांतांच्या मांडीवर बसायची आणि ‘काक्का’ म्हणून त्यांचा चष्मा ओढायची. खात्यात इतकी वर्षं काढून जो माणूस साहेबासमोरही कधी हसला नाही, तो या पोरीसमोर घोडा व्हायचा. त्यांचा तिच्यावर फार जीव होता. ही गोष्ट इथे मुद्दाम नोंदवली आहे, कारण पुढचं वाचून कुणाला शंका येऊ शकते.

एके दिवशी अलीझा खाली आली. “काका, गुड्डी आता पलंगावर चढायली. पलंगावरून सरळ खिडकीत जायली. खिडकीला गज लावून द्या की. मला लई भ्या वाटायलंय.”

रविकांत गंभीर झाले. ते म्हणाले, “लेखी दे, बाई.”

तिने तिथंच उभ्या उभ्या व्हॉट्सॲप केलं. रविकांतांनी तिच्यासमोरच ते उघडलं, अंगठा दाखवला आणि अर्ज दाखल झाल्याचं तोंडी कळवलं.

आता इथे उथळ माणूस काय करेल? वेल्डिंगवाल्याला बोलावेल आणि मोकळा होईल. पण रविकांतांपुढे खोल पेच होता. गज लावले तर लेकरू वाचतं, पण भूकंपात सगळेच अडकतात. गज नाही लावले तर भूकंपात सगळे सुटतात, पण त्याआधी लेकरू पडू शकतं. अशा वेळी खात्यात जे करतात तेच त्यांनी केलं. समिती नेमली. अध्यक्ष रविकांत सोनकांबळे, सचिव रविकांत सोनकांबळे, भाडेकरू प्रतिनिधी सुलतानबी (त्यांना वेळ होता). महामायाबाईंना महिला सदस्य म्हणून घ्यायचं ठरलं, पण त्या म्हणाल्या, “मला नगं. मी चहा टाकते.” समितीच्या कामात चहाचा वाटा लक्षात घेता हा निर्णय योग्यच म्हणायचा.

पहिल्या बैठकीत पलंग खिडकीपासून हलवावा अशी सूचना आली. ती सर्वांना पटली. पण दुसऱ्या भिंतीला पाण्याचे ड्रम होते, आणि लातूरकर एक वेळ देव्हारा हलवेल पण भरलेला ड्रम हलवणार नाही. पाणी संपलं की हलवू, असं ठरलं. पाणी संपायच्या आत नळाला पाणी आलं आणि ड्रम पुन्हा भरले. पाणीपुरवठ्यातल्या या अनपेक्षित सुधारणेमुळे सदर सूचना बारगळली.

दुसरा उपाय पाटीचा. ‘खिडकीतून बाहेर वाकू नये. हुकुमावरून.’ ही पाटी आतल्या भिंतीवर लावायची तर खिळा ठोकावा लागला असता, आणि ‘भिंतीला खिळे ठोकू नयेत’ हे भाडेकरारातलं पहिलं कलम खुद्द रविकांतांनीच घातलं होतं. मालकानेच नियम मोडला तर भाडेकरूंनी कुणाकडे बघायचं? म्हणून पाटी बाहेरच्या बाजूला, कट्ट्याच्या खाली बसवली. सुलतानबींनी ती वाचली, चष्मा सावरला आणि म्हणाल्या, “भाऊ, बाहेर वाकू नये म्हून लिव्हलंय ते वाचाया बाहेर वाकावं लागायलंय.”

“आपा, सूचनेची नोंद घेतली,” रविकांत म्हणाले.

नोंद घेऊन त्यांनी खाली उर्दूतही तोच मजकूर लिहवून घेतला, कारण कुणावर अन्याय नको. गुड्डीला दोन्ही लिप्या सारख्याच येत होत्या, म्हणजे येत नव्हत्या. पुढे तिला इंग्रजी माध्यमात घालायचं असल्याने तिसऱ्या ओळीसाठी जागा मोकळी सोडण्यात आली.

तिसरा उपाय गादीचा. हा मात्र खरोखरच दूरदर्शी होता. रविकांतांनी आपल्या लग्नातली कापसाची गादी माळ्यावरून काढली आणि बरोबर खिडकीखाली फरशीवर टाकली. एकाच गादीत भूकंप आणि लेकरू दोघांचीही सोय. गल्लीतली माणसं येता-जाता गादीकडे बघायची, वर खिडकीकडे बघायची, आणि “काय डोकं हाय साहेबाचं” म्हणून पुढे जायची. आम्हीही म्हणालो. गादीच्या वापराची पाहणी केली असता असं दिसलं की लाभार्थ्यांत शंभर टक्के कुत्री होती आणि ती पूर्ण समाधानी होती. लवकरच एका कुत्रीने तिथेच पिल्लं दिली.

दरम्यान अलीझाने आपल्या खर्चाने गज बसवते म्हणून सांगितलं. पण भाडेकरूने मालमत्तेत कायमस्वरूपी बदल करू नये, असं कलम होतं. मग तिने जुन्या ओढण्यांना गाठी मारून खिडकीवर आडव्या-उभ्या बांधल्या. दुसऱ्या दिवशी रविकांत वर गेले आणि हळू आवाजात म्हणाले, “बाई, राग मानू नको, पण रस्त्यावरून घर धोब्याचं दिसायलंय.” तिने ओढण्या सोडल्या. सोडता सोडता म्हणाली, “काका, मला झोप न्हाई येत. डोळा लागला की पोरगी खिडकीत दिसते.”

रविकांतांना वाईट वाटलं. खरंच वाटलं. ते म्हणाले, “धीर धर. फाइल हललेली हाय.”

आणि ती हललीच होती. चौथ्या आणि निर्णायक उपायाचा मसुदा तयार होता: उघडणारं ग्रिल. त्याला बिजागरी, बिजागरीला कुलूप. एरवी बंद, म्हणून लेकरू सुरक्षित. भूकंप आला की कुलूप उघडायचं आणि उडी मारायची. दोन्ही पक्षांचं समाधान करणारा असा तोडगा रविकांतांना आपल्या अख्ख्या नोकरीत सुचला नव्हता. ते त्या रात्री शांत झोपले. फक्त किल्ली कुठे ठेवायची हा किरकोळ मुद्दा उरला होता. ती वर ठेवली तर गुड्डीच्या हाती लागेल. म्हणून ती खाली, मालकाच्या ताब्यात राहील, असं त्यांनी बैठकीत मांडलं.

सुलतानबींनी बोटांवर मोजायला सुरुवात केली. “म्हंजे जमीन हलली का आमी खाली यायचं.”

“हाव.”

“तुमच्याकडून किल्ली घ्यायची.”

“सही करून.”

“आन परत वर जाऊन, कुलूप काढून, खिडकीतून खाली उडी मारायची.”

“बरोबर.”

“भाऊ, खाली आलोच असलो तर परत वर कशाला जायचं?”

रविकांतांनी मसुद्याची घडी घातली. मग म्हणाले, “मुद्दा विचाराधीन ठेवू.” मुद्दा विचाराधीन राहिला, त्यामुळे ग्रिलची ऑर्डर राहिली, त्यामुळे खिडकी जशीच्या तशी राहिली. पलंगही तिथेच राहिला. गुड्डी मात्र दिवसेंदिवस उंच होत होती, कारण तिला समितीची मंजुरी लागत नव्हती.

ती दुपार कडक उन्हाची होती. महामायाबाईंना पिल्लांची दया आली, म्हणून त्यांनी पिल्लांसकट गादी ओढून पलीकडे भिंतीच्या सावलीत नेली. खिडकीखाली आता नुसती तापलेली फरशी. पिल्लं जागा बदलल्यामुळे कुंईकुंई करू लागली. वर सुलतानबी नातीसाठी दूध गरम करायला स्वयंपाकघरात गेल्या होत्या, आतल्या खोलीत अलीझा हेडफोन लावून पोरांना अपूर्णांक शिकवत होती, आणि रविकांत खाली आपल्या खोलीत टेबलाशी बसून किल्लीविषयक सुधारित मसुदा लिहीत होते. घर काटकोनात बांधलेलं असल्याने त्यांच्या खिडकीतून वरची खिडकी तिरकी दिसायची.

फरशीवर काहीतरी टपकन पडलं. त्यांनी पाहिलं तर एक लाल चप्पल, बोटभर लांबीची. मग दुसरी पडली. मग वरून हसण्याचा आवाज आला. गुड्डी खिडकीच्या कट्ट्यावर बसली होती. दोन्ही पाय बाहेर, आणि पिल्लं कुठे गेली ते दिसावं म्हणून ती वाकून खाली बघत होती. तिला रविकांत दिसले. तिने हात केला. “काक्का.”

रविकांत उठले. त्यांच्या खिडकीपासून जमीन कंबरेएवढी खाली. पाय टाकला की अंगणात, आणि अंगणातून चार पावलं टाकली की पोरीच्या बरोबर खाली. त्यांनी झेप घेतली आणि गजांवर आपटले.

खालच्या मजल्याला गज होते. सगळ्या खिडक्यांना होते, घर बांधलं तेव्हापासून, जाडजूड आणि दाट. बांधताना त्यावर चर्चाही झाली नव्हती. खाली टीव्ही आहे, कपाट आहे, चोर येतो, एवढं कुणालाही कळतं. समिती नेमावी असं त्यात काही नव्हतंच.

ते गज धरून उभे राहिले. ओरडलं तर पोर दचकून निसटेल. तसेच वळून पडवीकडे धावले. पडवीला चॅनल गेट, गेटला दुपारचं कुलूप, आणि किल्लीची जागा चोराला कळू नये म्हणून ते अधूनमधून बदलायचे. यावेळची जागा इतकी सुरक्षित होती की त्यांनाही आठवेना. ते गेट गदागदा हलवू लागले. माझ्यामुळे पडणार ही पोर, माझ्यामुळे, एवढं एकच त्यांच्या डोक्यात होतं.

महामायाबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या, नवऱ्याचं तोंड पाहिलं, त्याच्या नजरेच्या रोखाने गेटच्या फटींतून वर पाहिलं. त्या कुठेही धावल्या नाहीत. त्यांनी कमरेला खोचलेला मोबाइल काढला आणि अलीझाला लावला. अपूर्णांकांच्या मधोमध फोन वाजला. “अलीझा, खिडकी,” त्या म्हणाल्या.

वर खुर्ची पडल्याचा आवाज झाला. मग कट्ट्यावरचे ते दोन पाय हवेतल्या हवेत मागे ओढले गेले आणि दिसेनासे झाले. पाठोपाठ गुड्डीने भोकाड पसरलं, कारण तिला पिल्लं बघू दिली नव्हती.

किल्ली ज्वारीच्या डब्यात सापडली. रविकांत बाहेर आले, फरशीवरच्या त्या दोन चपला उचलल्या आणि तिथेच मटकन बसले. साठीला टेकलेला माणूस लहान पोरासारखा रडला. अलीझा लेकीला छातीशी धरून जिना उतरली. तिने त्यांना बोल लावला असता तर त्यांना बरं वाटलं असतं. ती एवढंच म्हणाली, “काका, उन्हात नका बसू. आत चला.”

त्यांनी तिथूनच कोपऱ्यावरच्या वेल्डिंगवाल्या सिद्धरामला बोलावलं. सिद्धराम म्हणाला, लग्नसराई आहे, मांडवाची कामं आहेत, नवं ग्रिल म्हटलं तर आठ दिवस लागतील. रविकांतांनी आपल्या खोलीच्या खिडकीकडे बोट दाखवलं. “हे काढ. वर लाव.”

“खालचं?”

“खालचं. माप एकच हाय.”

संध्याकाळच्या आत खालचे गज वर गेले आणि बोल्टांनी पक्के बसले. त्याच झपाट्यात ड्रम रिकामे करून पलंगही सरकवला. महामायाबाईंचा चहा उकळेपर्यंत ते काम झालं. धोरण, मसुदा आणि समिती तिन्ही बरखास्त झाली. बोल्ट आवळून झाल्यावर रविकांत गज हलवून बघत पुटपुटले, “पण आपा, भूकंप आला तर?”

“जिना हाय की, भाऊ,” सुलतानबी म्हणाल्या. “आन आमचं दार कोन्या अंगाला उघडतं ते मी बघून ठिवलंय. महामायाबाईनं सांगितलंय मला.”

दिवे लागायच्या सुमारास गल्ली जमली. आता या गल्लीबद्दल कुणी वावगं बोलू नये. ही जागरूक गल्ली आहे. बिनगजाची खिडकी तिने रोज पाहिली होती, पाटी दोन्ही लिप्यांत पाहिली होती, ओढण्या पाहिल्या, गादी पाहिली, गुड्डीचं डोकं कट्ट्यावर इंचाइंचाने वर येतानाही पाहिलं होतं. दुसऱ्याच्या घरात नाक खुपसू नये म्हणून ती काही बोलली नव्हती. पण आज तिला राहवलं नाही.

“साहेब, खालची खिडकी उघडी टाकली का काय?” व्यंकट म्हणाला. “चोर येईल की.”

“येईलच,” वैजनाथ म्हणाला. “टीव्ही तर समोरच दिसायलाय.”

कुणी कॅमेरा सुचवला, कुणी घंटी. दोघांनी आळीपाळीने पहारा द्यायची तयारी दाखवली. शेजारचे शिवप्रसाद तर धावतच घरी गेले आणि गच्चीवरून एक जुनं ग्रिल खांद्यावर टाकून घेऊन आले. तंतोतंत त्याच मापाचं. घराचं काम काढलं तेव्हा निघालेलं, दोन पावसाळे तिथेच गंजत पडलेलं.

रविकांत त्या ग्रिलकडे बघत राहिले. “हे इतके दिवस तुमच्या गच्चीवर होतं?”

“हो की.”

“आणि माझी वरची खिडकी तुम्हाला गच्चीवरून दिसत होती.”

“रोज,” शिवप्रसाद म्हणाले. “पण तिथून काय जाणार होतं, साहेब?”

यावर आम्ही सगळ्यांनी मान डोलावली. मग रविकांतांच्या हातातल्या त्या बोटभर चपलांकडे आमचं लक्ष गेलं आणि मान कुठे ठेवावी ते कळेना.

वाचकांना ही गल्ली मूर्ख वाटली असेल तर हरकत नाही. फक्त एक सांगावं, आणि खरं सांगावं. सिद्धरामने खालचे गज काढले हे वर वाचलंत तेव्हा आपल्याही मनात पहिल्यांदा चोरच आला ना? आला असेल तर आपण आमच्याच गल्लीतले. आता वाचून झालंच आहे तर जरा बाहेर जाऊन उभे राहा आणि आपल्या घराचे गज कुठल्या मजल्यापर्यंत येऊन थांबलेत ते बघून या.